खेळ त्यांचे, जोखीम कोणाची?



२ एप्रिल २०११ ची रात्र तुमच्यापैकी बहुतेकींना आठवत असेल. मुंबईच्या वानखेडे मैदानावर भारताने क्रिकेटचा विश्वचषक जिंकला आणि गावोगाव फटाके फुटले. आमच्या वाशिम जिल्ह्यातही फुटले. मंगरुळपीर तालुक्यातल्या एका गावात चौकात टीव्ही आणून ठेवला होता. पुढे सतरंजीवर पुरुष आणि पोरे, मागे म्हातारी माणसे. बाया उंबऱ्यात उभ्या राहून जमेल तेवढे पाहत होत्या. ज्यांच्या घरी पाहुणे होते त्या चुलीपाशी होत्या.

त्या विश्वचषकात खेळाबरोबर आणखी एक गोष्ट लोकांपुढे आली होती. आंतरराष्ट्रीय क्रिकेट परिषद, युनिसेफ आणि संयुक्त राष्ट्रांचा एड्सविषयक कार्यक्रम यांनी मिळून 'थिंक वाइज' नावाची मोहीम चालवली होती. वीरेंद्र सेहवाग, श्रीलंकेचा कुमार संगकारा, दक्षिण आफ्रिकेचा ग्रॅएम स्मिथ असे नामवंत खेळाडू त्यात होते. एच.आय.व्ही. कसा होतो ते जाणून घ्या, स्वतःला जपा, लागण झालेल्यांना दूर लोटू नका, असा साधा संदेश होता. त्या स्पर्धेचे चार सामने आपल्या विदर्भात, नागपूरजवळच्या जामठा मैदानावर झाले. १२ मार्चचा भारत-दक्षिण आफ्रिका सामना पाहायला आमच्या जिल्ह्यातूनही गाड्या भरून माणसे गेली होती.

पुढे तीन वर्षांनी त्याच गावातली एक तरुण बाई आमच्याकडे आली. पहिले बाळंतपण होते. दवाखान्यात रक्त तपासले आणि तिला एच.आय.व्ही. असल्याचे कळले. नवरा पुण्याला सेंट्रिंगच्या कामावर जात असे, सहा-सात महिन्यांनी घरी येत असे. त्याचीही तपासणी झाली. बोलता बोलता तो म्हणाला की हे सगळे आपण मॅचच्या वेळी ऐकले होते, पण तेव्हा ते आपल्यासाठी आहे असे वाटले नाही. त्याची बायको तोवर गप्प होती. ती म्हणाली, "मॅच त्यायनं पाह्यली, जाहिरात त्यायनं पाह्यली. मी त चुलीपाशी होती. मले कोनं सांगतलं?"

या अंकाचे संपादकीय तिच्या या प्रश्नावर आहे.

पहिल्यांदाच एक गोष्ट स्पष्ट केली पाहिजे. खेळाडूंनी अशा मोहिमेत भाग घेणे वाईट आहे असे आम्ही म्हणत नाही. ज्या देशात घरात 'तसल्या' रोगाचे नाव काढायला माणसे कचरतात, तिथे सेहवागसारख्या माणसाने ते नाव उघडपणे घेणे ही मोठीच गोष्ट आहे. तरुण पोरे ज्याचे ऐकतात त्याच्या तोंडून ती गोष्ट आली. पण संदेश कोणाला उद्देशून आहे हेही पाहिले पाहिजे. मैदानात बसलेला पुरुष, टीव्हीपुढे बसलेला पुरुष, परगावी गेलेला पुरुष, 'तू स्वतःला जप' असे त्याला सांगितले जाते. त्याच्या घरी जी आहे तिने स्वतःला कसे जपायचे, हा प्रश्न उरतोच. तिच्या हातात निरोधही नसतो आणि नकारही नसतो.

हे आजचेच निरीक्षण नाही. पुण्यातल्या राष्ट्रीय एड्स संशोधन संस्थेने मे १९९३ ते जुलै १९९६ या काळात गुप्तरोगांच्या दवाखान्यात आलेल्या ९१६ स्त्रियांची पाहणी केली. त्यातल्या ३९१ जणी वेश्याव्यवसायात नव्हत्या. बहुतेक विवाहित, आणि नवऱ्याखेरीज दुसऱ्या कोणाशी संबंध न आलेल्या. या ३९१ पैकी १३.६ टक्के स्त्रियांना एच.आय.व्ही.ची लागण झालेली होती. ती पाहणी १९९७ मध्ये प्रसिद्ध झाली. 'एकनिष्ठ राहा' हा सल्ला या स्त्रियांनी तंतोतंत पाळला होता. तरीही त्यांचे रक्षण झाले नाही, कारण एकनिष्ठपणाचे ओझे एकटीनेच वाहिले होते. लग्न म्हणजे सुरक्षितता, ही समजूत या आकड्याने कायमची मोडायला हवी होती. ती अजून मोडलेली नाही.

आज हा विषय पुन्हा काढायचे कारण आहे. २६ नोव्हेंबर २०२५ रोजी ग्लासगो येथे २०३० च्या राष्ट्रकुल स्पर्धा अहमदाबादला देण्याचे नक्की झाले. या स्पर्धांचे ते शंभरावे वर्ष. मैदाने, वसतिगृहे, रस्ते, पूल, सगळे मोठ्या प्रमाणावर बांधले जाईल. खेळाडू येण्याच्या कितीतरी आधी तिथे मजूर येतील. ते कुठून येतील? जिथे शेती पावसावर आहे, जिथे सोयाबीन आणि तूर निघाली की हाताला काम उरत नाही, तिथून. १ जुलै १९९८ रोजी अकोल्यातून वेगळा झालेला आमचा जिल्हा २०१८ साली केंद्र सरकारच्या 'आकांक्षित' जिल्ह्यांच्या यादीत आला. मानोरा, मालेगाव, रिसोड तालुक्यांतल्या तांड्यांवरून दिवाळी झाली की ऊसतोडीला, वीटभट्टीला, पुण्या-मुंबईच्या साईटवर माणसे निघतात. मुकादम उचल देतो आणि घराला कुलूप लागते, किंवा बाई-म्हातारी मागे राहतात. उद्या मुकादमाने अहमदाबादचे नाव काढले तर गाडी तिकडे वळेल, एवढाच फरक.

म्हणून आमचे म्हणणे असे आहे की मोठ्या क्रीडास्पर्धेतील एच.आय.व्ही. प्रतिबंधाची सुरुवात उद्घाटनाच्या दिवशी होत नाही. ती पहिल्या मजुराची गाडी गावातून निघते त्या दिवशी व्हायला हवी. आणि त्या दिवशी जेवढे त्याला सांगितले जाईल तेवढेच मागे राहणारीलाही सांगितले गेले पाहिजे.

आजवरचा अनुभव काय सांगतो? ऑक्टोबर २०१० मध्ये दिल्लीला राष्ट्रकुल स्पर्धा झाल्या. त्याआधी तिथल्या बांधकामांवरील मजुरांच्या स्थितीवर 'पीपल्स युनियन फॉर डेमोक्रॅटिक राइट्स' या संघटनेने २००९ साली अहवाल काढला. दिल्ली उच्च न्यायालयाने नेमलेल्या समितीलाही २०१० मध्ये तेच दिसले: किमान वेतन नाही, सुरक्षेची साधने नाहीत, राहण्याची जागा माणसाने राहण्यासारखी नाही. जिथे संडासाची सोय नाही तिथे आरोग्याची, त्यातही लैंगिक आरोग्याची सोय कोण पाहणार? पत्र्याच्या खोलीत आठ-दहा पुरुष, घर शेकडो मैल दूर, दिवसभर मरमर, संध्याकाळी दारू. या माणसाला आम्ही खलनायक ठरवत नाही. त्यालाही पिळले जाते. पण त्याच्यावर पडणारा ताण उतरत उतरत शेवटी ज्या शरीरावर येतो ते बाईचे असते. शिवाय साईटवर बायाही असतात. जोडीने गेलेली, विधवा झालेली, एकटी पडलेली. मुकादमाची, ठेकेदाराच्या माणसाची नजर त्यांना चांगली माहीत असते. कामावर ठेवण्याच्या बदल्यात जे मागितले जाते, त्यात निरोधाची अट घालता येत नाही.

दुसरा अनुभव 'साफसफाई'चा. पाहुणे यायचे म्हटले की शहर स्वच्छ दिसले पाहिजे. मग भिकारी, फेरीवाले, झोपडपट्टी आणि धंद्यातल्या बाया यांना दृष्टीआड केले जाते. दिल्लीत २०१० च्या आधी भीक मागणाऱ्यांसाठी फिरती न्यायालये चालवली गेली होती. वस्तीतून बायांना हाकलले की रोग जाईल असे पुष्कळांना मनापासून वाटते. २००६ साली जर्मनीत फुटबॉलचा विश्वचषक झाला. त्याआधी जगभर बोलले जात होते की त्या काळात चाळीस हजार स्त्रिया पळवून आणल्या जातील. स्पर्धा झाली, तपास झाला, तेव्हा स्पर्धेशी संबंध असलेली देहव्यापारासाठीच्या मानवी व्यापाराची पाच प्रकरणे निघाली. पाच बायांचे दुःखही लहान नाही. परंतु अफवेच्या आधारावर धाडी घातल्या की ज्यांना वाचवायचे त्यांचेच नुकसान होते.

हे कसे होते ते समजायला जर्मनीला जाण्याची गरज नाही. ऑगस्ट २०२१ मध्ये नागपूरच्या गंगा-जमुना वस्तीभोवती पोलिसांनी अडथळे उभे केले आणि ये-जा बंद केली. तिथे स्पर्धा नव्हती, पाहुणे नव्हते, पण विचार तोच होता. वस्तीतल्या स्त्रियांनी त्याविरुद्ध आंदोलन केले. वस्ती एका जागी असते तेव्हा तिथे कार्यकर्ती जाऊ शकते, निरोध पोचतो, तपासणी होते, औषध चालू राहते. बायका पांगल्या की त्या लॉजवर, हमरस्त्यावर, अनोळखी गावात जातात. तिथे गिऱ्हाईकाला 'निरोध वापर' म्हणण्याइतकेही बळ राहत नाही. पोलिसाने झडतीत निरोधाचे पाकीट पुरावा म्हणून धरले तर बाई ते जवळ बाळगणेच सोडते. सर्वोच्च न्यायालयाने १९ मे २०२२ च्या आदेशात पोलिसांना हे दोन्ही बजावले आहे: या स्त्रियांना माणूस म्हणून सन्मानाने वागवा, आणि निरोध जवळ असणे हा गुन्ह्याचा पुरावा मानू नका.

मग काम कशाने होते? आपल्याच राज्यातले उदाहरण आहे. सांगलीत 'संग्राम' संस्थेने १९९२ पासून वेश्याव्यवसायातील स्त्रियांबरोबर काम सुरू केले. तिथे बाहेरच्या ताईने येऊन उपदेश केला नाही. वस्तीतल्या बायांनीच एकमेकींना निरोध दिले, दवाखान्यात सोबत केली, गुंडांशी आणि पोलिसांशी बोलणी केली. १९९६ मध्ये त्यांची स्वतःची 'वेश्या अन्यायमुक्ती परिषद' उभी राहिली. कलकत्त्यात सोनागाचीचा अनुभव असाच आहे. 'निरोधाशिवाय नाही' असे सगळ्या जणी मिळून म्हणू लागल्या तेव्हा गिऱ्हाइकाला दुसऱ्या दाराशी जाता येईना. एकटीचा नकार मोडता येतो, सगळ्यांचा मोडणे कठीण जाते.

इथे आपण आपल्याकडेही पाहिले पाहिजे. आपल्या शिबिरांत, आपल्या बचत गटांत 'त्या बाया' आणि 'आपण' अशी रेघ आपणही मारतो. एच.आय.व्ही. हा त्यांचा विषय, आपला विषय दारू आणि मारहाण, असे आपल्याला वाटते. पण आपल्यातली लग्न झालेली बाई नवऱ्याला निरोध वापर म्हणू शकते का? म्हटले तर तो विचारतो, "माझ्यावर संशय आहे, की तुझंच काही आहे?" पुढचे तुम्हाला माहीत आहे. मूल होत नाही तोवर निरोधाचा शब्द काढायचा नाही, आणि मुले झाली की शस्त्रक्रिया करून घ्यायची, तीही बाईनेच. म्हणजे निरोध घरात यायला दारच नाही. या बाबतीत धंद्यातली संघटित बाई आपल्या संसारी बाईपेक्षा पुढे आहे. तिच्याकडून शिकण्यात कमीपणा नाही.

२०१६ साली रिओच्या ऑलिंपिकमध्ये खेळाडूंसाठी साडेचार लाख निरोध ठेवले होते. त्यांत एक लाख स्त्रियांनी वापरायचे होते. खेळाडूंच्या गावात एक लाख, आणि आमच्या जिल्ह्यातल्या बैठकीत आम्ही विचारतो तेव्हा बहुतेक बायांनी ते साधन कधी डोळ्यांनीही पाहिलेले नसते. जगाच्या खेळात स्त्रीच्या हाती साधन देता येते, तर खेड्यात का देता येऊ नये?

आता मागण्यांकडे येऊ. त्या अशक्य नाहीत.

पहिली, गाडी निघण्यापूर्वीची. हंगाम सुटण्याआधी गावात, तांड्यावर आरोग्य शिबिर व्हावे. पुरुषांची बैठक वेगळी, बायांची वेगळी, आणि बायांची बैठक त्यांना फावेल त्या वेळी. आशाताईकडे निरोधाची पाकिटे असतात. ती मागायला लाज वाटू नये एवढे वातावरण करणे हे आपल्या गटांचे काम आहे.

दुसरी, कामाच्या जागेची. बांधकामाच्या कंत्राटातच अट असावी: राहण्याची नीट सोय, स्त्रियांसाठी वेगळी व सुरक्षित जागा, गुप्तरोगांवर उपचार, मोफत निरोध, आणि इच्छेने करायची चाचणी. शंभर किंवा अधिक माणसे असलेल्या आस्थापनेने एच.आय.व्ही.बाबत तक्रार ऐकणारा अधिकारी नेमला पाहिजे, असे २०१७ चा कायदा सांगतो. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे. त्या अधिकाऱ्याचे नाव साईटवर मराठी, हिंदी, गुजरातीत लावलेले दिसले पाहिजे.

तिसरी, सक्ती नको. 'गावात परत येणाऱ्या प्रत्येकाचे रक्त तपासा' अशी मागणी अधूनमधून ग्रामसभेत होते, कधी आपल्याच मैत्रिणी ती करतात. संताप समजण्यासारखा आहे. परंतु संमतीशिवाय चाचणी करणे आणि कोणाची लागण उघड करणे हे दोन्ही कायद्याने मना आहे, आणि ते योग्यच आहे. सक्ती झाली की माणूस लपतो. आणि नाव फुटले की घराबाहेर पहिल्यांदा बाईच काढली जाते, लागण नवऱ्याकडून आलेली असली तरी. जोडीदाराला सांगण्याबाबतही कायद्याने सावधगिरी ठेवली आहे. सांगितल्याने बाईला मारहाण किंवा टाकून देण्याची खरी भीती असेल तिथे आरोग्य कर्मचाऱ्याने तिच्या जोडीदाराला ते सांगता कामा नये. आपण मागायचे ते असे की दोघांनी मिळून समुपदेशन घ्यावे, दोघांनी मिळून चाचणी करावी. २००५ च्या कौटुंबिक हिंसाचार कायद्याने सामायिक घरात राहण्याचा हक्क दिला आहे, हेही प्रत्येक बाईला पाठ असावे.

चौथी, स्पर्धेच्या नावाखाली धाडी नकोत. यजमान शहरातल्या वस्त्यांमध्ये ज्या संस्था आणि ज्या स्त्रिया आधीपासून काम करतात त्यांना बैठकीला बोलवा, त्यांना पैसा द्या. आणि ते काम स्पर्धा संपली म्हणून बंद करू नका.

हे सगळे मागताना आपल्या हाती आज एक फार मोठे बळ आहे. नव्वदच्या दशकात आपल्या वडील मैत्रिणी या विषयावर बोलत तेव्हा त्यांना औषधाबद्दल सांगण्यासारखे फारसे काही नव्हते. त्या फक्त जपा म्हणू शकत होत्या आणि मरणाऱ्याजवळ बसू शकत होत्या. १ एप्रिल २००४ पासून सरकारने मोफत ए.आर.टी. औषध द्यायला सुरुवात केली. २०१७ पासून लागण आढळलेल्या प्रत्येकाला लगेच उपचार हे धोरण आहे. औषध नियमित घेणारी व्यक्ती निरोगी, दीर्घ आयुष्य जगू शकते. औषधाने रक्तातले विषाणू इतके कमी झाले की तपासणीत दिसेनासे झाले, आणि तसेच राहिले, तर शारीरिक संबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. उपचार नसेल तर आईकडून बाळाला लागण होण्याचा धोका १५ ते ४५ टक्के असतो. वेळेवर उपचाराने तो पाच टक्क्यांच्या खाली येतो. म्हणजे चाचणी ही आता शिक्षा राहिलेली नाही, ती औषधाकडे जाणारी वाट आहे. फक्त औषध सुटता कामा नये. बाहेरगावी जाणाऱ्याने आपल्या केंद्रावर आधी सांगितले तर कामाच्या गावाजवळच्या केंद्रातून औषध घेण्याची व्यवस्था होऊ शकते. हे मजुराला आणि त्याच्या बायकोला, दोघांनाही माहीत हवे. शंका विचारायला १०९७ हा मोफत दूरध्वनी आहे.

देशात आज सुमारे पंचवीस लाख माणसे एच.आय.व्ही.सह जगत आहेत. त्यांत चाळीस टक्क्यांहून अधिक स्त्रिया आहेत, आणि राज्यांत सर्वाधिक संख्या आपल्या महाराष्ट्रात आहे. नव्या लागणी पूर्वीपेक्षा बऱ्याच कमी झाल्या हे खरे. पण कमी झाल्या म्हणून विषय मागे पडला, हेही तितकेच खरे. आता कोणी पोस्टर लावत नाही, पथनाट्य करत नाही. नवी पिढी 'ते जुने झाले' म्हणते.

सुरुवातीला सांगितलेल्या मैत्रिणीचे काय झाले, असे तुम्ही विचाराल. ती औषध घेते, नवराही घेतो. बाळाच्या तपासण्या झाल्या, बाळाला लागण नाही. आता ती मुलगी शाळेत जाते. २ नोव्हेंबर २०२५ च्या रात्री नवी मुंबईत भारतीय मुलींनी दक्षिण आफ्रिकेला हरवून विश्वचषक जिंकला तेव्हा गावात पुन्हा टीव्हीपुढे गर्दी होती. या वेळी मायलेकी पुढे सतरंजीवर बसल्या होत्या, आणि चहा नवऱ्याने केला होता.

बदल एवढाच आहे, आणि तो एका घरातला आहे. पण प्रतिबंधाचा कोणताही संदेश पोचायचा असेल तर बाई आधी चुलीपासून उठून पुढे येऊन बसली पाहिजे. २०३० ला चार वर्षे उरली आहेत. गाड्या त्याआधीच निघतील. येत्या हंगामापूर्वी आपापल्या गावात एक तरी बैठक घ्या, 'मले कोनं सांगतलं?' हा प्रश्न तिथे ठेवा, आणि बायांनी काय उत्तरे दिली ते आम्हांला कळवा. पुढच्या अंकात ती छापू.